टांगायचं की टेकवायचं?

वाद सुरू झाला तो कॅनोपीवरून. नवी मुंबईच्या शिरवणे गावठाणातलं चार मजली घर. तळमजल्याला पार्किंग म्हणायचं, पण तिथे दोन मोटरसायकली, एक रिक्षा, पाण्याचा पंप आणि वरच्या भाडेकरूंच्या सायकली आधीच अंग चोरून उभ्या. त्यात घरातल्या मुलाने दहा बाय दहाची घडीची कॅनोपी आणली. हिवाळ्यात तो आगरी-कोळी महोत्सवांत खाण्याचा स्टॉल लावतो. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, सुकटीची चटणी. नोव्हेंबर ते मार्च कॅनोपीला उसंत नसते. उरलेले महिने लोखंडी सांगाडा आणि जाड कापड मिळून पंचवीस-तीस किलोचं ते ओझं भिंतीशी उभं असतं आणि रिक्षा काढताना रोज आडवं येतं.

मुलगा स्वतः काही बोलला नाही. बोलायला दोघं खंबीर होती. एक त्याची आई. माहेर करावे, सासर शिरवणे, भातलावणीपासून भाडेकरूंच्या ॲग्रीमेंटपर्यंत सगळं हाताखालून गेलेलं. दुसरा तिचा भाचा, मेकॅनिकल इंजिनियर, बरीच वर्षं अमेरिकेतल्या मिनेसोटात, सध्या सुटीवर. मी शेजारचा, चहाला बसलेला. आत्याची आगरी बोली इथे बरीचशी सपाट केली आहे, एरवी अर्ध्या वाचकांना ती कळली नसती.

भाचा : आत्या, खाली जागा नाही ना? मग वर बघ. साडेनऊ फूट उंची आहे. रिक्षा सहा फुटांच्या आत. वरची तीन फूट हवा तू फुकट घालवतेस. स्लॅबला चार हुक ठोकू, कप्प्या लावू, दोरी ओढली की कॅनोपी वर. माझ्या गॅरेजमध्ये मी तसंच केलंय.

आत्या : तुझ्या गॅरेजात कॅनोपी कशाला? भाकऱ्या विकतोस तिथे?

भाचा : कॅनोपी नाही गं. बर्फावर मासे धरायला बसायचा तंबू.

इथे पाच मिनिटं वाद थांबला, कारण बर्फावर बसून मासे धरतात हेच आत्याला आधी समजावून घ्यायचं होतं. मिनेसोटात दहा एकरांपेक्षा मोठी तळी म्हटली तरी अकरा हजारांवर आहेत. हिवाळ्यात ती वरून गोठतात, खाली पाणी आणि मासे तसेच राहतात. बर्फ चार इंच झाला की माणसाने पायी जायला हरकत नाही असं तिथलं सरकारी खातं सांगतं. लहान मोटार न्यायची तर नऊ-दहा इंच लागतो. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि वाट बघत बसायचं. उणे वीसमध्ये उघड्यावर बसवत नाही म्हणून वर आसरा हवा. पूर्वी लोक लाकडी खोपटी ओढून नेत आणि मोसमभर एकाच जागी ठेवत. १९८०च्या दशकात तिथल्याच डेव्ह गेंझ नावाच्या मासेमाराने घसरगाडीवर बसवलेला घडीचा तंबू चालवून दाखवला. मासे इथे लागत नाहीत, तर उठा, तंबू पाठीमागे पाडा, ओढत पुढच्या भोकावर जा. भाच्याकडे त्याच जातीचा आहे, दोन माणसांचा. प्लॅस्टिकची घसरगाडी, ॲल्युमिनियमच्या दांड्या, अस्तर लावलेलं कापड. सगळं मिळून पंचेचाळीस किलो.

आत्या : म्हणजे इरलं.

भाचा : इरलं कसं? इरलं अंगावर घ्यायचं.

आत्या : काम उघड्यावर, वरून मार, आणि माणूस जाईल तिकडे आडोसा त्याच्याबरोबर जायला हवा. इरलं नाय तर काय? तू बसून धरतोस, आम्ही वाकून लावणी करायचो. एवढाच फरक.

भाच्याला हे पटलं की नाही कळलं नाही, मला मात्र पटलं. बांबूच्या बारीक कामट्यांची दुहेरी वीण, मध्ये पळसाची पानं दाबलेली, डोक्यापासून कमरेखालपर्यंत येणारं ते उपडं होडकं. लावणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरणार कोण? इरलं पाठीवर आपलं आपण राहतं. पुढे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला. आता शिरवण्यात इरलं बघायला मिळणार नाही, कारण ज्या शेतात ते पाठीवर घ्यायचं ते शेतच राहिलेलं नाही. साठच्या दशकात एमआयडीसीने ठाणे-बेलापूर पट्ट्यात जमिनी घेतल्या. औद्योगिक वसाहतीच्या एका भागाला आजही शिरवणे एमआयडीसी म्हणतात. मग १७ मार्च १९७० रोजी नवं शहर वसवणारी सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजनाही सहज मिळालेली नाही. १९८४च्या जानेवारीत जासईला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, पाच जणांचे बळी गेले, त्यानंतरची ती गोष्ट. गावाला उरलं ते गावठाण. कुटुंबं वाढली, जमीन वाढली नाही, घरांनी वरचा रस्ता धरला. सरकारी कागदांत या बांधकामांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात. सरकारी भाषेत इतकं खरं नाव क्वचित सापडतं.

भाचा : मग पावसाळा संपल्यावर इरली ठेवायचीस कुठे? वरच ना?

आत्या : वरच. आढ्याखाली वाशाला टांगायची. बरोबर चुलीच्या वर.

भाचा : झालं तर मग! तू आयुष्यभर वर टांगलंस आणि मला नको म्हणतेस.

आत्या : इरलं केवढं असतं ठाव हाय? करंगळीवर उचलशील. आणि चुलीच्या वर का टांगायचं ते विचार की.

हे सांगताना तिचा आवाज बदलला. म्हाताऱ्या माणसांचा जुन्या गोष्टी सांगताना बदलतो तसा नव्हे, तर दुकानदार मालाबद्दल बोलतो तसा. बांबूत पिष्ट असतं, ते खायला बारीक भुंगे येतात. वर्षभर नुसतं ठेवलेलं इरलं जूनमध्ये काढलं तर खाली पिवळी भुकटी पडते आणि कामटी बोटात मोडते. चुलीचा धूर रोज दोन वेळा लागला की बांबू काळा पडतो, कोरडा राहतो, कीड तिथे राहत नाही. पानंही कुजत नाहीत. शिवाय जागा रोजच्या नजरेखालची. स्वयंपाक करताना मान वर केली की कोणत्या इरल्याची वीण सुटली ते दिसायचं. मृगाच्या आधी उतरवायचं, दोन-चार पानं बदलायची, की चाललं शेतावर.

भाचा : ठीक आहे, धूर. पण धूर हा योगायोग होता, आत्या. तुम्ही काही इरल्यासाठी चूल पेटवत नव्हता.

आत्या : पण चुलीसाठी इरल्याची जागा ठरवत होतो. अक्कल त्यात हाय.

भाचा : आता चूल नाही, गॅस आहे, आणि कॅनोपीला बांबू नाही. तिचे शत्रू वेगळे. मी सांगतो माझ्याकडचे. पहिला उंदीर. थंडी सुरू व्हायच्या आधी उंदीर ऊब शोधत गॅरेजमध्ये येतो, आणि अस्तराचं मऊ कापड म्हणजे त्याला बाळंतिणीची खोलीच. जमिनीवर ठेवलेला तंबू पुढच्या डिसेंबरात उघडला की भोकं, लेंड्या आणि कुरतडलेल्या दोऱ्या. म्हणून टांगायचा. दुसरी ओल. तळ्यावरून आणलेल्या तंबूवर बर्फ चिकटलेला असतो. तो तसाच घडी करून वर चढवला की रात्रभर वितळून खाली मोटारीवर टपटप, आणि आत बुरशी. आधी गॅरेजमध्ये दोन दिवस उघडून वाळवायचा, मग घडी.

आत्या : इथे उंदीर नाय. घूस हाय.

भाचा : मग तर वरच ठेव!

हा मुद्दा आत्याला मान्य करावा लागला. गावठाणातल्या तळमजल्यात घूस काय करते हे ती माझ्यापेक्षा जास्त जाणते. पंपाची वायर तिने दोनदा बदलून घेतली आहे. पाण्याचंही तेच. २००५च्या २६ जुलैला या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा जमिनीवरचं सगळं गेलं. वर ठेवावं याबद्दल खरं तर दोघांत मतभेद नव्हताच. भांडण होतं ते वर म्हणजे कशावर, याचं. ते बाहेर पडलं कप्पीच्या निमित्ताने.

आत्या : ती तुझी कप्पी लावली की वजन कमी होतं म्हणालास.

भाचा : तसं नाही म्हणालो. एकच कप्पी वर बांधली तर वजन कमी होत नाही, नुसती दिशा बदलते. विहिरीवरच्या रहाटासारखं. वर ओढण्याऐवजी खाली ओढायचं, एवढंच सुख.

आत्या : मग तीस किलो उचलायला तीस किलोचाच जोर?

भाचा : हो.

आत्या : आणि स्लॅबातल्या तुझ्या हुकाला किती?

भाचा थांबला. इंजिनियर माणूस, उत्तर त्याला आत्याच्या आधी माहीत होतं; पण ते असं कुणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं.

भाचा : साठ.

आत्या : साठ कसे? कॅनोपी तीसची.

भाचा : एका बाजूला कॅनोपी तीस किलोने ओढते, दुसऱ्या बाजूला मी तीस किलोने ओढतो. दोघांचा भार मधल्या हुकावर. वर नेऊन दोरी भिंतीच्या खुंटीला बांधली तरी तेच. माझ्या जागी खुंटी ओढते. शिवाय झटका दिला तर क्षणभर आणखी जास्त.

आत्या : वस्तू आहे त्याच्या दुप्पट ओझं तू माझ्या डोक्यावरच्या स्लॅबाला लावणार, आणि वर म्हणतोस फुकटची हवा!

भाचा : म्हणून चार हुक, म्हणजे भार वाटला जातो. शिवाय दुसरी पद्धत आहे. एक कप्पी वस्तूलाच बांधायची, दोरीचं एक टोक वर पक्कं करायचं. मग वस्तू दोरीच्या दोन पदरांवर लोंबते, ओढायला पंधराच किलोचा जोर लागतो. दोरी मात्र दुप्पट ओढावी लागते. पाच फूट चढवायची तर दहा फूट. वरचा एकूण भारही साठवरून पंचेचाळीसवर येतो.

आत्या : पंचेचाळीस म्हणजे पण तीसपेक्षा जास्तच.

भाचा : जास्तच.

या घरात आत्या हिशोबाला पक्की आहे हे भाडेकरूंना ठाऊक आहे, भाच्याला आता कळलं. खरी गंमत अशी, की कप्प्यांच्या तयार संचावर छापलेला आकडा संच किती पेलतो ते सांगतो. तुमचं छत किती पेलतं हे त्या खोक्यावर लिहिलेलं नसतं, आणि ते लिहिणं कुणाला शक्यही नाही.

भाचा : पंखा नाही का लटकत स्लॅबला? कितीक वर्षं फिरतोय.

आत्या : पंख्याचा हुक स्लॅब ओतला तेव्हाच आत सळीला बांधला होता. मी इथेच उभी होते, कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर. तू आता बाहेरून भोक पाडणार.

पंख्याचा हुक आणि मागाहून ठोकलेला अँकर फास्टनर यांत हाच फरक. पहिला सळ्यांच्या जाळीत गुंतलेला असतो, दुसरा भोकात फुगून काँक्रीटला घट्ट धरतो. काँक्रीट ठणठणीत असेल तर तोही उत्तम धरतो, अवजड पाइप असेच लटकतात. पण स्लॅबच्या मधल्या भागात ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळ्याही खालीच, पृष्ठभागापासून जेमतेम दोन सेंटीमीटर आत. आंधळेपणाने ड्रिल घातलं की ते सळीवर जाऊ शकतं. त्यातून हवा खाडीची. गावठाणातली कितीतरी घरं उभी राहिली तेव्हा रेतीही खाडीचीच असायची, आणि ती गोड्या पाण्याने किती धुतली हे ज्याने घर बांधलं त्याने विचारलेलं नसतं. खारटपणा आत गेला की सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि जागा नाही म्हटल्यावर बाहेरचं काँक्रीट ढकलून देतो. आधी तांबूस रेघ, मग बारीक चीर, मग एक दिवस थाळीएवढा पोपडा खाली. वाशीतल्या सिडकोच्या जेएन टाइप इमारतींमध्ये छताचे असे तुकडे पडल्याच्या बातम्या नवी मुंबईकरांना नव्या नाहीत. आत्याच्या पार्किंगच्या स्लॅबलाही पंपाच्या वर हातभर लांबीची तांबूस रेघ आहे. भाच्याने खिशातलं नाणं काढून तिथे ठोकून पाहिलं. एका जागी टणक आवाज आला, पुढच्या वितीवर पोकळ.

तो काही बोलला नाही. आत्याही बोलली नाही, पण तिने चहाचा कप खाली ठेवला तो जरा जोरात.

भाचा : बरं. या जागी नाही ठोकायचं. दुसरीकडे बीमला…

आत्या : तुझ्या तिकडच्या गॅरेजाला काय हाय? स्लॅबच?

भाचा : नाही, लाकूड. वर त्रिकोणी लाकडी ट्रस, दोन-दोन फुटांवर. खालून पांढरा जिप्समचा पत्रा लावलेला, तो दिसतो. त्याला हुक लावला तर पत्र्यासकट हातात येईल. लाकूड कुठे आहे ते शोधून मधोमध जाड स्क्रू फिरवायचा. आणि त्या ट्रसची खालची लाकडं सामान पेलायला केलेली नसतात. वर बर्फ साचतो, छप्पर त्या बर्फाचा विचार करून बांधलेलं. खालून आपण लटकवलेल्या पंचेचाळीस किलोंचा विचार कुणी केलेला नसतो.

आत्या : मग तू काय केलंस?

भाचा : जाड फळी घेतली, चार ट्रसना आडवी लावली, आणि कप्प्या फळीला बसवल्या. भार एका लाकडावर न येता चारांवर जातो.

आत्या : म्हणजे तू पण तुळईच घातलीस. मग इथे येऊन हुक हुक काय लावलंयस?

मला वाटतं, गोष्ट इथेच सुटली होती. पुढचं बोलणं दोघांच्या मानापमानाचं. पण त्यातही एक-दोन गोष्टी निघाल्या त्या सांगण्यासारख्या आहेत. आत्याचं म्हणणं असं, की जुन्या घरात हलकं तेवढंच टांगलेलं असे: इरली, शिंकी, सुपं. जड वस्तू छपराला कधी लोंबकळत नव्हती. माळा छपराला बांधलेला नव्हता, तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेल्या तुळयांवर टेकलेला होता. शेणी, सरपण, लग्नातली मोठी भांडी, सगळ्यांचं ओझं तुळईतून भिंतीत, भिंतीतून जोत्यात. छपराला फक्त स्वतःला आणि पावसाला सांभाळायचं होतं. तिने माहेरचं उदाहरण दिलं. तिचे वडील, म्हणजे भाच्याचे आजोबा, करावे गावातून खाडीत पाग टाकायला जायचे. आल्यावर पाग शेंड्याला दोरी बांधून खुंटीला अडकवायचे, म्हणजे जाळं मोकळं सुटून वारा लागतो. पण घेराला ओवलेलं शिसं लोंबू द्यायचे नाहीत; खाली फळी ठेवून त्यावर टेकवायचे. नाहीतर शिशाच्या वजनाने दोरा रात्रंदिवस ताणलेला, आणि तो तुटतो नेमका मासा लागल्यावर.

भाचा : आजोबांनी मला तो पाग टाकायला शिकवला होता. तो कुठे आहे आता?

आत्या : तुझ्या बापाच्या बाल्कनीत, गोणीत. वाळवून ठेवलाय का ते नको विचारू.

मग तिने उलट विचारलं, की तुझा तंबू वर्षात किती वेळा खाली उतरतो. भाच्याने आधी टाळलं. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार; तळी नीट गोठलीच नाहीत, बर्फावरच्या जत्रा रद्द झाल्या. त्या साली तंबू उतरलाच नाही. बऱ्या सालातही मोसम आखूड असतो. तिथे कायदाच आहे: मार्चमध्ये, राज्याच्या दक्षिण भागात पहिल्या सोमवारी आणि उत्तरेत तिसऱ्या सोमवारी मुदत संपते. त्यानंतर मध्यरात्रीपासून सूर्योदयाच्या तासभर आधीपर्यंत, आत माणूस नसेल तर आसरा बर्फावर ठेवता येत नाही. वितळत्या तळ्यात खोपटी बुडवून लोक घरी जाऊ नयेत म्हणून.

आत्या : चांगला कायदा हाय. माळ्याला पण तसा पाहिजे. सोमवार ठरवून द्यायचा, त्या दिवशी सगळं खाली. पाळणा, मखर, तांब्याचा बंब, कुणाचं तरी लग्नातलं रुखवत. एकदा वर गेलं की कुणी बघत नाय. कप्पीने तर हात पण लावायला नको. दोरी ओढली, वर गेलं, विसरलं.

भाचा : कप्पीमुळेच खाली येतं, आत्या. शिडी लावून, दोन माणसं बोलावून काढायचं म्हटलं तर कोण काढेल? माझा तंबू वर्षातून दहा वेळा उतरला असता, बर्फ असता तर. शिडीवर उभं राहून पंचेचाळीस किलो खाली घेताना माणसं पडतात, पाठी धरतात. तुझा मुलगा आता चाळिशीत आहे. साठीत काय करेल?

इथे भाचा बरोबर होता, आणि आत्याने ते कबूल केलं नाही तरी मी करतो. टांगण्याला विरोध करताना ती उचलणाऱ्या माणसाला विसरत होती. जुन्या घरात माळ्यावर चढवायला घरात सहा-सात धडधाकट माणसं होती. आता चार मजल्यांवर मिळून माणसं पुष्कळ आहेत, पण ती भाडेकरू. सकाळी जुईनगर स्टेशनवर गाडी धरतात, रात्री येतात. त्यांना ‘जरा हात लाव’ म्हणता येतं, दर वेळी नाही.

आत्या : आणि भट्टी? स्टॉलचा सिलिंडर? तो पण कॅनोपीबरोबर वर बांधणार म्हणत होता हा माझा मुलगा.

मुलगा पहिल्यांदाच चुळबुळला.

भाचा : अजिबात नाही. माझ्या तंबूत गॅसचा हीटर असतो, पण त्याचा सिलिंडर मी गॅरेजमध्येसुद्धा ठेवत नाही. बाहेर, उघड्यावर, उभा. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. आणि इथे खाली पंप आहे, रिक्षा आहे. एक ठिणगी पुरे.

आत्या : ऐकलंस?

या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं आणि तेवढ्या वेळात मुलाला दोघांचीही बोलणी बसली. त्यानंतर भाच्याने मोबाइल काढला, टेप मागवली आणि भिंत ते भिंत माप घेतलं: नऊ फूट आठ इंच. मग त्याने जे मांडलं ते, माझ्या मते, दोघांपैकी कुणाही एकाचं नव्हतं. दोन इंची जीआय पाइप, बी-क्लास, दोन नग, साडेदहा फुटांचे कापून. दोन्ही भिंतींत समोरासमोर खाचे घेऊन पाइपची टोकं चार-पाच इंच आत टेकवायची आणि सिमेंटने बुजवायची. भिंती नऊ इंची विटेच्या आहेत, पेलतील. दोन पाइपांत तीन फुटांचं अंतर. कप्प्या पाइपला, स्लॅबला एकही भोक नाही. कॅनोपी वर गेली की ती दोरीवर लोंबकळत ठेवायची नाही. खालून दोन आडव्या पट्ट्या सरकवून त्यांवर टेकवायची आणि दोरी सैल सोडायची. दोरीचं काम फक्त चढवण्या-उतरवण्याचं. आणि कापडाची घडी वेगळी, सांगाडा वेगळा. कापड मार्चमध्ये गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवून, सुती पिशवीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, शिरवण्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिक आतून घामेजतं.

आत्या : सुती पिशवी मी शिवते. जुन्या चादरीची.

भाचा : आणि स्लॅबची ती तांबूस रेघ. ती कॅनोपीपेक्षा आधी. पोकळ भाग फोडून, सळी घासून, नीट दुरुस्ती करून घ्या. त्याला स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा, मिस्त्री नव्हे.

आत्या : पैसे तू पाठवणार?

भाचा : पाठवीन.

आत्या : बघू.

मुलाने विचारलं, पाइप किती उंचीवर घ्यायचा. भाचा म्हणाला, साडेसात फूट, म्हणजे खालून जाताना कुणाचं डोकं आपटणार नाही. आत्या म्हणाली, सहा फूट. तिला स्टूल न घेता पट्टीला हात लागला पाहिजे, ओल लागली का, घुशीने वाट काढली का, ते चाचपता आलं पाहिजे.

भाचा : आत्या, सहा फुटांवर घेतलास तर रिक्षा कशीबशी जाईल, पण माझं डोकं रोज आपटेल.

आत्या : रोज? तू असतोस कुठे इथे रोज?

भाचा : सुटीत येतो तेव्हा.

आत्या : तेव्हा वाकून चाल. लावणी तुझ्या आजीने वाकूनच केली.

शेवटी साडेसहा ठरलं, असं मुलगा म्हणाला. आत्याला विचारलं तर ती सव्वासहा सांगते.